मधली इमारत

वृद्धांची संस्था ना नफा ना तोटा तत्त्वावर चालायची. तोटा काय व्हायचा तो राहणाऱ्यांचा आधीच होऊन गेलेला असे. आवारात तीन इमारती. पहिलीत स्वतःचं स्वतः करणारे, दुसरीत अंघोळीला नि गोळ्यांना मदत लागणारे, तिसरीत अंथरुणाला खिळलेले. लोक नुसतं पहिली, दुसरी, तिसरी म्हणत. शाळेशी फरक एवढाच, की इथे पास होणारा त्याच वर्गात राही आणि नापास झालेल्याला वर चढवत.

पहिलीत शेजारशेजारच्या खोल्यांत दोन साडू राहत. दोघांच्याही बायका, सख्ख्या बहिणी, गेलेल्या. थोरला दुकानांच्या पाट्या रंगवायचा, म्हणून पेंटर. धाकटा नाटक कंपनीत प्रॉम्प्टर. जन्मभर विंगेत उभं राहून त्याने वाक्यं पुरवली, टाळ्या दुसऱ्यांनी घेतल्या. घरी बायकोपुढे तर वाक्यं पुरवायचीही वेळ आली नाही.

पेंटर विसरायला लागला. आधी चष्मा, मग वार, मग गोळी घेतली की नाही ते. रोज सकाळी प्रॉम्प्टरने भिंतीवर टकटक करून "गोळी!" म्हणायचं आणि पलीकडून "घेतो हो, ओरडता काय आपल्या सासऱ्यासारखे!" असं उत्तर यायचं, हे ठरून गेलं.

पेंटरला पहिलीत ठेवायचं की दुसरीत हलवायचं, याची परीक्षा घ्यायला मेट्रनबाई येणार होत्या.

"दुसरीत गेलात की संपलं," प्रॉम्प्टर म्हणाला. "तिथे अंघोळसुद्धा दुसरेच घालतात."

"पाठ चोळतात?"

"चोळत असतील."

"मग वाईट काय आहे, साडू? ही गेल्यापासून माझ्या पाठीला कुणाचा हात लागलेला नाही."

"पेंटर, थट्टा पुरे. आज वार कुठला?"

थट्टा नव्हती. पण प्रॉम्प्टरला संध्याकाळी कॅरमला भिंतीपलीकडचा माणूस हवा होता. या गरजेला त्याने पेंटरचं स्वातंत्र्य असं नाव दिलं होतं.

परीक्षेच्या दिवशी तो मेट्रनबाईंच्या पाठीमागे, खिडकीशी पेपर उघडून बसला. वार, मुलीचा फोन नंबर, गोळ्यांचे रंग, सगळं त्याने आवाज न काढता नुसत्या ओठांनी पुरवलं. पेंटर त्याच्या ओठांकडे बघत घडाघडा बोलला. पास. प्रॉम्प्टर इतका खूश झाला, की जणू टाळ्या त्यालाच मिळाल्या. तशा त्या त्यालाच मिळायला हव्या होत्या.

पुढे एका सकाळी प्रॉम्प्टर कवळीचं माप द्यायला दातांच्या डॉक्टरकडे गेला. टकटक झाली नाही. पेंटरने ब्लडप्रेशरची गोळी घेतली, थोड्या वेळाने पुन्हा घेतली, मग आणखी एकदा घेतली आणि बाथरूममध्ये चक्कर येऊन पडला. पहिलीत सगळे स्वतःचं स्वतः करतात. त्यामुळे जेवणाच्या वेळेपर्यंत कुणी दार वाजवलं नाही.

खुबा मोडला. हॉस्पिटलमधून पेंटर परस्पर तिसरीत आला.

"दुसरीत तेव्हा एक खोली रिकामी होती," मेट्रनबाई प्रॉम्प्टरला म्हणाल्या. "त्यांच्यासाठीच धरून ठेवली होती मी. पण ते पास झाले ना."

प्रॉम्प्टरने नुसती मान हलवली. नवी कवळी अजून बसली नसेल, असं समजून बाई पुढे गेल्या.

वर्षभरात प्रॉम्प्टरचे गुडघे गेले आणि तो दुसरीत आला. खिडकीखाली बाग होती. कॅरमचा बोर्ड पहिलीतल्यापेक्षा गुळगुळीत होता; तो कुणाशी खेळला नाही. पहिल्याच अंघोळीला मदतनीस म्हणाला, "आजोबा, पाठ चोळू?" त्याचा हात चांगला जड आणि ऊबदार होता. चोळून होईपर्यंत प्रॉम्प्टर भिंतीकडे तोंड करून बसला.

संध्याकाळी वॉकर ढकलत तो तिसरीत गेला नि पेंटरच्या खाटेशी टेकला.

"पेंटर, खरंच चोळतात हो पाठ."

पेंटर सवयीने त्याच्या ओठांकडे बघत राहिला, आपलं वाक्य तिथून येईल म्हणून.