अकरावी पत्रिका

भारत चप्पल काढली की तिची टोकं दाराकडे करून ठेवायचा. ताटातलं मीठ करंगळीने डावीकडून उजवीकडे सरकवायचा. मेदूवडा आधी बोटात अंगठीसारखा घालायचा, मग खायचा. होळकर पुलावरून जाताना नदीकडे बघायचा नाही. आणि स्वतःचं नाव आपणहून कधीच सांगायचा नाही.

हे सगळं तेजस्विनीने वहीत टिपून ठेवलं होतं. ती मराठी घेऊन एम.ए. झाली होती. नोकरी नव्हती. भारतदादावर एक हलकाफुलका सिनेमा लिहावा, घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावा असा, हे तिच्या डोक्यात होतं.

गोष्ट होतीच तशी. भारत पूर्वी खोटा पाहुणा होता. हातात लग्नपत्रिका, कपाळाला टिळा. दार उघडलं की हसून म्हणायचा, "ओळखलं का?"

आपल्याकडे पाहुण्याला 'नाही ओळखलं' म्हणायची लाज वाटते. लोक म्हणायचे, "अरे, ओळखलं की! बस, बस." मग जेवण. मग टॉवेल-टोपी, आणि नवरीसाठी म्हणून एखादी साडी. साडी तो पिंपळगावच्या बाजारात विकायचा. एकदा दोन घरची माणसं नटूनथटून रिकाम्या हॉलवर पोचली. दुसरी मंडळी मुलीकडची, असं दोघांनाही वाटलं. तासभर एकमेकांची सरबराई चालली.

मग तो वेदिकाच्या गाडीवर गेला. कॉलेजच्या कोपऱ्यावर ती इडली-वडा विकते. त्याने हसून विचारलं, "ओळखलं का?"

"नाही," वेदिका म्हणाली. "प्लेट हवीये का?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणी नाही म्हणालं होतं. गडी तिथेच विरघळला. सहा वर्षं तिच्या गाडीवर इमानदारीत भांडी घासली, चटण्या वाटल्या. शेवटी ती लग्नाला तयार झाली. अट एकच. ज्या अकरा घरी खोटी पत्रिका दिली, तिथे खरी न्यायची. पत्रिकेत 'चि.' छापून पुढची जागा तिने मोकळी ठेवायला लावली होती.

"तिथे बसून, त्यांच्यासमोर, आपल्या हाताने खरं नाव लिही. अकरा झाली की हार घालीन." मग गाडीवरच्या रोजच्या गिऱ्हाइकाकडे, तेजस्विनीकडे वळून, "तू बरोबर जा बाई. याच्या चेहऱ्यावर माझा विश्वास आहे, जिभेवर नाही."

दहा घरं झाली. एकीने दार आपटलं. दुसरी म्हणाली, "आधी माझी पैठणी आण." एक आजोबा काही ऐकेचनात. "तू भारत अस नाहीतर कोणी अस. तू आमच्या निफाडच्या काकूचा आहेस. नाक तेच." तेजस्विनी हसून हसून बेजार. वही भरत चालली होती.

अकरावं घर गंगापूर रोडला, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. जिन्यात भारत थांबला.

"काय झालं दादा?"

"इतर घरांची मी आधी चौकशी करायचो. कोण कुठले, गावी कोण. याची नव्हती केली. उपाशी होतो. दार उघडलं आणि तोंडातून निघून गेलं, मी घोटीचा योगेश, सावळीरामचा."

"मग?"

"मग काय. जेवलो."

लंकाबाईंनी दार उघडलं. सत्तरीच्या, एकट्या. त्यांनी भारतला खालपासून वरपर्यंत पाहिलं. दचकल्या नाहीत.

"आता तर पित्तरं सरली," त्या म्हणाल्या. "अजून भूक ऱ्हायली का रं?"

तेजस्विनीला हसू आलं. ते ओठांवरच राहिलं.

त्यांनी दोघांना बसवलं. भारतने घाईघाईने सुरुवात केली. "आत्या, मी खोटं बोललो होतो. मी योगेश नाही."

"योगेश कसा असशील. त्याला जाऊन चौतीस वर्षं झाली." त्यांनी भिंतीकडे हात केला. हार घातलेला फोटो. सात-आठ वर्षांचा पोरगा. "माझ्या भावाचा. सावळीरामचा. दारणेच्या पुरात गेला. हाती काय बी लागलं नाय."

भारतने मान वळवून फोटो पाहिला.

"तू आलास ती सर्वपित्री होती," त्या म्हणाल्या. "दुपारचे दोन वाजले. कावळा पानाला शिवंना. तेवढ्यात तू दारात, हातात लग्नाची पत्रिका. जितं माणूस पित्तरात पत्रिका वाटतं का? तवाच वळखलं. तू पहिला घास घेतला आन् तिकडं गॅलरीत कावळा शिवला. तवापासून दर सालाला तुझं पान मांडते."

योगेश, सावळीराम ही नावं भारतला कोणी सांगितली नव्हती. तो पिंपळगावच्या हायवेवरच्या एका ढाब्यावर वाढला. आठ-नऊ वर्षांचा असताना कुठल्याशा ट्रकमधून उतरला, एवढंच ढाबेवाला सांगायचा. त्याआधीचं त्याला काही आठवत नाही. भारत हे नावही ढाब्याच्या पाटीवरचं.

लंकाबाईंनी ताट आणलं. वरण-भात, उडदाचे वडे. नेमके आज का केले होते, ते तेजस्विनीने विचारलं नाही. भारतची करंगळी मिठाकडे गेली. मीठ उजवीकडे सरकलं. वडा बोटात गेला.

"योग्या बी असाच," लंकाबाई म्हणाल्या. "दहाही बोटांत वडे. आई मारायची त्याला."

आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं. धरूनच राहिल्या. चेहरा हळूहळू बदलला.

"गरम हाय की रं."

भारतने घास खाली ठेवला. तेजस्विनीला एकदम आठवलं, घोटी आणि पिंपळगाव एकाच हायवेवर आहेत. तिने वही मिटली.

"पत्रिका काढ," लंकाबाई म्हणाल्या. "काय नाव लिवतो ते बघू दे मला."

त्याने पत्रिका मांडीवर घेतली. पेन 'चि.'च्या पुढे टेकवलं. टेकवलेलंच राहिलं. बाहेर गॅलरीच्या कठड्यावर कावळा येऊन बसला होता. ओरडत नव्हता. बघत होता.

बऱ्याच वेळाने भारत उठला. जिन्यात तो म्हणाला, "तेजू, खोटं कोणतं होतं गं?"

येताना होळकर पुलावर त्याने स्कूटर थांबवायला लावली. कठड्याला धरून पाणी बघत उभा राहिला.

वेदिकाने पत्रिका उलटून पालटून पाहिली. चिडली नाही. "मग सोमवारी मी कुणाच्या गळ्यात हार घालू?"

"तूच सांग," भारत म्हणाला. तो हसत नव्हता. "ओळखलं का?"

वेदिकाच्या हातातला झारा तसाच राहिला. या वेळी ती नाही म्हणाली नाही.

सोमवार तसाच गेला. अकरावी पत्रिका गाडीवर चटणीच्या डब्यामागे उभी आहे. भारत रोज सकाळी हात पुसून ती घेतो, पेन उघडतो, आणि गिऱ्हाईक आलं की ठेवून देतो. 'चि.'च्या पुढे एक निळा ठिपका आहे. त्याच्यापुढे अजून काही नाही.