भोवत्यांसाठी राखलेलं गवत

ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी पिंप्राळ्याहून जीपमध्ये बसलो. जळगावच्या पक्षीप्रेमी गटाबरोबरची ही माझी पहिली सफर. घराण्यातला पहिला पदवीधर मी. गटप्रमुख साहेबांनी सोबत नेलं याचंच मला अप्रूप. ते फार टिकलं नाही.

साहेब आणि त्यांचे दोन मित्र पानाफुलांच्या छापाचे हिरवे कपडे घालून आले होते. माळ पिवळा पडलेला, त्यामुळे तिघेही कोसावरून दिसत.

भडगाव ओलांडून नाल्याकाठी थांबलो. बाभळीवर थिरथिरा (हिवाळ्यापुरता येणारा, शेपूट थरथरवणारा गाणारा पक्षी) बसला होता. साहेबांनी मोबाइलवर त्याच्याच जातीचं गाणं लावलं. प्रतिस्पर्धी शोधत बिचारा फांदीफांदी धावला.

"बघा, कशी पोज देतो!"

डोंगर ओलांडून आलेल्या पाहुण्याला दारातच भांडायला लावायचं आणि त्याला पक्षीप्रेम म्हणायचं.

पुढे माळावर एक आबा गवत कापत होते. त्यांनी कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि ठेचा पुढे केला. साहेबांनी पोटाचं कारण सांगून बिस्किटं काढली. मी दोन भाकरी खाल्ल्या.

आबांनी भोवतालचं गवत कापून मधला कमरेएवढा पट्टा राखला होता. दूर देशांतून येणारे भोवत्या पक्षी (गवतालगत तरंगणारे शिकारी) संध्याकाळी तिथे जमिनीवरच झोपतात.

"हाई मी कापत नही," आबा म्हणाले. "त्या नाकतोडा खातस, मनी ज्वारी वाचस. त्यासले झोपाले जागा नको का भो?"

साहेबांना ते गवत फोटोत आड येत होतं. "आबा, मधलं जरा साफ करून द्या. पक्षी मोकळा दिसला पाहिजे."

"तुमना घरनं छप्पर काढी टाकू का, साहेब? तुम्ही बी मोकळा दिसशात!"

साहेब हसले नाहीत. जीप पट्ट्यातून दोनदा फिरव, असं त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं. पक्षी उतरायला अर्धा तासही उरला नव्हता. जागा मोडली तर ते अंधारात कुठे उतरणार? उघड्यावर, कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी? मी तसं म्हणालो.

"तू नवीन आहेस," एवढंच उत्तर मिळालं.

आबांनी वाद घातला नाही. पट्ट्याकडे जाणारी गाडवाट एकच, दोन्ही बाजूंना चर. त्यांनी बैलजोडी आणून त्या वाटेवर बसवली, "दमेल शेतस" (दमलेत) म्हणाले आणि नाल्याकडे निघून गेले. हॉर्न वाजला. बैल रवंथ करत राहिले.

"तू गावाकडचा ना? उठव त्यांना," साहेब मला म्हणाले.

शेपटीला एक पीळ दिला की बैल उठतो, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. मी कासरा धरला, बैल थांबवताना करतात तसं "हो हो" केलं आणि एकाची पाठ खाजवली.

"उठत नाहीत, साहेब."

तेवढ्यात ते आले. राखाडी नर, तपकिरी माद्या, पंख किंचित उचलून, गवताच्या तुऱ्यांना घासत. दोन घिरट्या घालून एकेक करत पट्ट्यात उतरले, दिसेनासे झाले. तोफांएवढ्या तिन्ही लेन्स सीटवर पडून होत्या. त्यांचे मालक बैलांसमोर टाळ्या वाजवत होते.

परतताना पिंप्राळा यायच्या आतच गटातून माझं नाव काढलेलं मोबाइलवर दिसलं. शिकून चार मोठ्या माणसांत बसावं, म्हणून वडिलांनी आयुष्यभर कष्ट उपसले. त्यांचा मी ऋणी आहे. त्या माणसांतून मी एवढ्या लवकर उठवला गेलो, हे त्यांना सांगणं जड गेलं. तरी सगळं सांगितलं.

"तुले बैल उठाडता उना नही?" म्हणत ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.