पाट एकदाच काढायचा

शिरड शहापूरच्या जळबाची पद्मा पुण्यात कम्प्युटरवर काम करते, याचं गावाला कौतुक कमी आणि हसू जास्त. एवढं शिकून पोरगी यंत्राला प्रश्न विचारायचा पगार घेते म्हणे! पद्माला त्या हसण्याचं काही नव्हतं. तिला डाचत होतं ते वेगळंच. बापाचं रान सिद्धेश्वरच्या कालव्याच्या अगदी शेवटी, टेलला. कोणत्या शेताला कधी पाणी, या पाळ्या कालव्याच्या कचेरीत हातानं लावून होईपर्यंत पाणी सोडायचं आवर्तन सरायचं आणि टेलचा गहू उभ्या उभ्या वाळायचा.

१९७९ साली तिच्या संस्थेत एसक्यूएल ही नवी भाषा आली. ‘या गावातली कोणती शेतं भिजायची राहिली?’ असं डेटाबेसला विचारायचं आणि यंत्रानं ती शोधून द्यायची. पद्मानं हट्टानं पाळ्यांचं काम मागून घेतलं. पण यंत्र तिच्या वाट्याला यायचं फक्त शनिवारी दुपारी, आणि दुपार सरली तरी निम्मी गावं बाकीच. येत्या शनिवारी जमलं नाही तर काम बंद, असं साहेबांनी सांगून टाकलं.

पडल्या चेहऱ्यानं ती गावी आली. जळबा विहिरीच्या पाण्यावर मिरचीला दारं धरत होता. एक वाफा भिजला की त्याचं तोंड बुजवायचा, पुढच्याचं फोडायचा. पाट होता तिथंच होता. पद्मा बांधावर बसून बघत राहिली.

“बाबा, दर वाफ्याला नवा पाट काढला तर?”

“तर आख्खा दिस पाटातच जाईल. वाफे कवा भिजायचे? आसं काहून इचारतीस?”

“मी तेच करून राहिले, बाबा.”

खरंच तेच चाललं होतं. गावागणिक ती अख्खा प्रश्न यंत्राला नव्यानं वाचायला लावत होती. त्याचा अर्थ लावण्यात आणि शोधायची वाट ठरवण्यातच यंत्राचा जीव जाई. उत्तर काढणं चुटकीसरशी व्हायचं. प्रश्न एकदाच तयार करून ठेवायचा, गावाच्या नावाची जागा मोकळी सोडायची आणि मग नुसती नावं देत जायचं, अशी सोय त्या भाषेत होती. हिनं ती वापरलीही होती, पण तयारीची ओळ घातली होती दर गावाला फिरणाऱ्या फेऱ्याच्या, म्हणजे लूपच्या, आत. दर वाफ्याला नवा पाट खणण्याचाच प्रकार.

शनिवारी तिनं ती ओळ उचलून फेऱ्याच्या वर नेली. साहेबांचा चहा निवायच्या आत शेवटचं गाव येऊन गेलं. पद्माला इतका आनंद झाला की तिनं यंत्रालाच शाबासकी दिली.

“झालं?” साहेबांचा विश्वास बसेना.

“झालं. वेळ उरलाय तर पुन्हा चालवते. या खेपेला टेलपासून.”

साहेबांनी ती यादी तशीच कालव्याच्या कचेरीत धाडली, पाळ्या टेलपासून लावायला.

त्या आवर्तनात पाणी पहिल्यांदा शेवटच्या रानात शिरलं. सगळ्यात जास्त हसणारा ग्यानबा बांधावर येऊन विचारू लागला, “जळबा, यंदा पाणी कोनं सोडलं रं?”

जळबानं फावड्यानं गव्हाचं दारं फोडलं, पाणी आत जाऊ दिलं आणि मग म्हणाला, “माह्या पद्मीनं. प्रश्न इचारून.”