फूल कुठे वाहायचं?

आतल्या पंख्याच्या घरघरीला कंटाळून मी कॉम्प्युटरचा डबा कोठीच्या खोलीत, तांदळाच्या पिंपाशेजारी नेऊन ठेवला. लांबलचक वायरी ओढून स्क्रीन आणि कीबोर्ड तेवढे हॉलमध्ये ठेवले.

दसऱ्याला आई हळदकुंकू आणि झेंडूचं फूल घेऊन पूजेला आली. स्क्रीनपाशी थबकली, वायरींच्या मागोमाग कोठीत गेली, तशीच परत आली.

"अरे, यातला खरा कॉम्प्युटर कुठला?"

"तो डबा. पण दिसतं सगळं इथे."

"मग तू काम कुठे करतोस?"

मी आधी स्क्रीनकडे बोट दाखवलं, मग कोठीकडे. जेवताना ती "कुठे आहेस?" विचारते, तेव्हाही मी समोरच बसलेला असतो.

शेवटी तिने फूल कोठीच्या उंबऱ्यावरच्या वायरींवर वाहिलं आणि कुंकवाचं बोट माझ्या कपाळाला टेकवलं. पूजा नेमकी कोणाची झाली, मला अजून कळलेलं नाही.