जीभ न काढणारा कम्प्युटर

आमच्या खानदानात संगणकतज्ज्ञ मी एकटाच आहे, कारण पवनीतल्या आमच्या शाळेच्या संगणक खोलीची किल्ली माझ्याकडे असते. खोलीत चार संगणक आहेत. त्यातला एक चालतो. चालू त्याला मी करतो. बंद तो वीज गेली की आपला आपणच होतो. एवढ्या भांडवलावर मी पाहुण्यारावळ्यांत बरीच वर्षं 'कम्प्युटरवाले सर' म्हणून मिरवत होतो.

मग एक दिवस खडगपूरहून माझ्या धाकट्या बहिणीचा, सुषमाचा फोन आला. पहिलं बाळंतपण, दिवस भरत आलेले, आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. म्हणजे माहेरी येणं रद्द! तिकडे तिला सासू नाही, नणंद नाही. जावई रेल्वेच्या कारखान्यात, सकाळी सातला घर सोडणारे. "आई, तूच ये वं," म्हणून ती फोनवर हुंदके देऊन रडली. फोन ठेवल्यावर आईही रडली, आणि डोळे पुसून मला म्हणाली, "पण राजू, मी जाऊ कशी?"

प्रश्न अगदी खरा होता. आईला आगगाडीची भीती वाटत नाही, तिला रिकामं बसण्याची भीती वाटते. जन्मभर रोवणी, निंदण, कापणी, वर घरचं रांधणं. "हाताले काम नाही, डोयाले काम नाही, त माणूस बसते कायले?" हा तिचा सवाल. एकदा आम्ही तिला पुण्याच्या एका लग्नाला नेत होतो. दोन तास तिनं खिडकीतून खांब मोजले, आणि वर्धा आल्यावर पाणी आणायला म्हणून जी उतरली ती थेट उलट्या गाडीत बसली! ती घरी पोचून भात रांधून जेवली, तेव्हा मी आणि बाबा बडनेऱ्याच्या फलाटावर तिला हुडकत होतो.

आता आमच्या वरठी स्टेशनाहून खडगपूर म्हणजे सतरा-अठरा तास. बाबांचा गुडघा सुजलेला, म्हणजे सोबतीला मी एकटा. आई मधेच उतरली तर सुषमाचं काय, या विचारानं माझी झोप उडाली.

तोड आईनंच सुचवली. आईला तासन्‌तास एका जागी बसवणारी गोष्ट जगात एकच, ती म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं नाटक. धान निघालं की गावोगाव मंडप पडतात, आणि आई सतरंजीवर पहिल्या रांगेत बसली की पहाटेपर्यंत हलत नाही. तिच्याजवळ नाटकांच्या अकरा सीड्याही होत्या. सावत्र आईचं, दारुड्या नवऱ्याचं, हरवलेल्या भावाचं, अशी त्यांची तिनं पिशवीत नीट लावणी केलेली.

"गाडीत नाटक पाहाले भेटन काय रे?"

"भेटन ना! आता लहान कम्प्युटर निघाले, मांडीवर ठेवाचे."

"मंग मी खडगपूर काय, त्याच्याही पुढं येईन."

झालं! कम्प्युटर घ्यायचं ठरलं. आता आमच्याकडे कोणतीही मोलाची वस्तू नामदेवमामाशिवाय घेत नाहीत. नामदेवमामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, कोंढ्याचे. बैल पारखण्यात त्यांचा हात धरणारा आसपासच्या दहा गावांत नाही. बैलजोडी, पाण्याचा पंप, टीव्ही, माझी बायको, सगळ्यांना पास करणारे मामाच. (बायकोला पास केल्यावर ते मला म्हणाले होते, "पोरगी चांगली आहे, पण तिले तू कसा पसंत पडला?")

भंडाऱ्याच्या दुकानात दुकानदारानं दोन कम्प्युटर समोर ठेवले. एक मोठा काळा, दुसरा लहानसा लालचुटूक. मामांनी धोतराचा सोगा सावरला आणि म्हणाले, "चालवून दाखवा."

दुकानदारानं दोन्ही चालू केले. मामांनी डोळे मिटून काळ्याच्या पोटाखाली हात घातला.

"याले ताप आहे."

"काका, मशीन आहे, थोडी गरम होतेच!"

"बसल्याबसल्या तापते, मंग कामाले लावल्यावर?" मामांनी दोन्हींची बटणं दातांसारखी तपासली. मग काळ्याच्या बरगडीवर कुठंतरी त्यांचं बोट दाबलं गेलं, आणि खट्‌कन त्याच्या कुशीतून एक चपटा कप्पा बाहेर आला!

मामा दोन पावलं मागे सरले. "पाह्यलं? जीभ काढते! राजू, जीभ काढणारा बैल दारात बांधू नये. अर्ध्या तासात बसते खाली."

नेमकं त्याच वेळी दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला, आणि सगळा खुलासा तज्ज्ञावर येऊन पडला. मी हसून म्हणालो, "मामा, ती जीभ नाही. सीडी ठेवाची जागा आहे ते."

"असं काय? मंग या लालात कुठं ठेवाची?"

वाचकहो, प्रश्न बिनतोड होता! अख्ख्या दुकानात हा प्रश्न पडलेला एकच माणूस होता, आणि तो कधी माऊसला हात न लावलेला. मी लाल कम्प्युटर उचलला, फिरवला. एका बाजूला एक बारीक फट दिसली. 'मला माहीत नाही' हे तीन शब्द त्या वेळी उच्चारले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. पण ज्याच्याकडे किल्ली असते त्याला ते शब्द येत नाहीत.

"हे पहा फट. नवीन मॉडेल आहे मामा, हे सीडी आतल्या आत घेते."

"म्हणजे जीभ आत ठेवते. शहाणा आहे!" मामा खूश झाले. "वजनालेही हलका. बाई माणसाच्या मांडीवर बरा. हाच घे."

घरी आल्याबरोबर मी खोकं उघडायला गेलो, तर मामांनी हात धरला. "नवं जनावर आणल्याबरोबर जुंपत नसतेत. रुळू दे दोन-चार दिवस." त्यांचा हा नियम बैलांसाठी होता, पण मामांचा नियम म्हणजे नियम. आईनं खोक्याला हळदकुंकू लावलं आणि निघायच्या दिवसापर्यंत ते धानाच्या ढोलीजवळ रुळत पडलं. दुकानदारानं बॅटरी भरून दिली होती, त्यामुळे मीही निर्धास्त होतो.

गाडीत बसलो. गोंदिया येईपर्यंत आई अगदी मजेत होती. गोंदिया भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा होऊन कित्येक वर्षं लोटली, पण आईनं ती वाटणी अजून मान्य केलेली नाही, तिच्या लेखी तिथपर्यंत सगळं आपलंच. गोंदिया सुटलं तशी ती सावरून बसली आणि म्हणाली, "परमुलूख लागला. काढ आता."

मी खोकं उघडलं. लाल कम्प्युटर मांडीवर घेतला, चालू केला. समोरच्या बाकावरच्या कुटुंबानं माना पुढे केल्या. आईनं पिशवीतून सावत्र आईची सीडी काढून दिली, आणि मी ती ऐटीत फटीला लावली.

फट होती दोन बोटांची. सीडी होती पुरीएवढी!

मी सीडी आडवी लावून पाहिली, उभी लावून पाहिली, किंचित वाकवूनही पाहिली. "काऊन रे, जाऊन नाही राहिली काय?" आईनं विचारलं.

"जाते जाते. नवीन आहे ना, लाजून राहिली."

समोरचे गृहस्थ चष्मा वर करून म्हणाले, "भाईसाब, यह तो कैमरे का कार्ड डालने का है। इसमें सीडी लगती ही नहीं।"

आईनं माझ्याकडे पाहिलं, कम्प्युटरकडे पाहिलं. मग ती उठली, सीड्यांची पिशवी काखेत मारली आणि चपला शोधू लागली.

"आई, कुठं?"

"डोंगरगडले उतरन मी. तिथून गाड्या आहेत वापस."

"अवं पण सुषमा?"

या शब्दाला ती थांबली. तिचे डोळे भरून आले. "सुषमासाठी जीव तुटते रे माहा. पण राजू, असं बसून बसून मले कसंतरी होते. छातीत धडधडते. सांगू कोणाले?"

त्या क्षणी मला माझीच भयंकर लाज वाटली. इतकी वर्षं आम्ही सगळे तिच्या वर्ध्याच्या गोष्टीवर हसत होतो, आणि ती खरोखर घाबरत होती. आणि त्यावरचा एकमेव इलाज मी दुकानात काउंटरवर सोडून आलो होतो! मी वेड्यासारखा दिसेल ते बटण दाबत सुटलो. एखादं तरी नाटक, गाणं, निदान एखादी जाहिरात तरी निघेल म्हणून. आणि अचानक पडद्यावर एक घामेजलेला, रडवेला, तोंड वासलेला माणूस आला.

"हा कोण होय?" आई वाकून म्हणाली. "दारुड्या नवरा दिसते."

तो मी होतो! कम्प्युटरला कॅमेरा होता, हे त्या दिवशी कम्प्युटरनंच तज्ज्ञाला सांगितलं.

आई शेजारी टेकली तशी तीही पडद्यावर आली. तिनं पदर नीट केला, पडद्यातल्या बाईनंही केला. समोरच्या गृहस्थांनी पुढे होऊन एक बटण दाबलं आणि म्हणाले, "चाची, कुछ बोलिए। इसमें भर जाएगा, फिर देख लेना।"

बोलायचं काय हा प्रश्न आईला पडलाच नाही. सावत्र आईच्या तावडीत सापडलेल्या पोरीचं भाषण तिनं असं काही सुरू केलं की शेजारच्या कप्प्यातले लोक धावत आले, त्यांना वाटलं मीच तिला छळतो आहे! मग आम्ही ते लावून पाहिलं. आई गालाला हात लावून पाहत राहिली, आणि शेवटी म्हणाली, "इथं आवाज पडला. परत घे."

झालं, गाडीतच मंडप पडला! अकराही नाटकं तिला तोंडपाठ होती, सगळ्या पात्रांसकट. दारुड्या नवऱ्याचं काम तिनं मला दिलं आणि दोन वाक्यांत काढूनही घेतलं. "साधं झिंगताही येत नाही काय रे तुले?" तिकीट तपासायला आलेले टीसीसाहेब दारात उभं राहून पाहत होते. आईनं त्यांनाच आत ओढलं. त्यांनी ते काम हिंदीत केलं, आणि असं केलं की समोरच्या बाईंनी पोरं जवळ ओढून घेतली. बॅटरी संपत आली की मोबाइल चार्ज करायच्या जागी मी वायर धरून उभा. त्या नाटकात मला मिळालेली कायमची भूमिका तीच.

डोंगरगड गेलं, रायपूर गेलं, बिलासपूर गेलं. आईनं एकदाही खिडकीकडे पाहिलं नाही. पहाटे खडगपूरच्या फलाटावर जावयांना बघून मी आनंदानं त्यांच्या गळ्यात पडलो, आणि मागून आई कुरकुरत उतरली, "एवढ्या लवकर आलं काय? हरवलेला भाऊ अजून भेटाचाच आहे!"

सुषमा दारातच उभी होती. आईला पाहून ती जी बिलगली, ते बघून माझा जीव भांड्यात पडला. तिसऱ्या दिवशी सुषमाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. माझा चेहरा बघून नर्सबाईंनी बाळाच्या आधी मलाच खुर्ची दिली. मग मी कम्प्युटर घेऊन पवनीला परतलो. महिन्याभरानं आईला आणायला पुन्हा जायचं ठरलं होतं. मी रजा टाकली, दोन तिकिटं काढली, आणि तसं सांगायला फोन केला.

"तू कायले येतं?" आई म्हणाली. "तुही रजा वाया जाईन. मी येईन ना एकटी. टीसीसाहेबांनी तवा गाडीतच सांगतलं, एकटं या, कायजी नाही."

मला भरून आलं. वर्ध्याला उतरणारी माझी आई सतरा-अठरा तासांचा प्रवास एकटीनं करायला निघाली होती! मी म्हणालो, "आई, खरंच माही गरज नाही ना?"

"नाही रे बाप्पा. फक्त तो कम्प्युटर पाठवून दे." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "आणि राजू, आधी त्यातलं तुह्यं काम पुसून टाक. लोकाईले दाखवाचं असते."