बिफोर

टोकावड्याच्या काकांनी मला इंग्रजीत सूचना लिहायला शिकवलं, हे आधी सांगतो. मग बाकीचं.

“एका ओळीत एकच काम, रे,” असं म्हणत ते माझ्या कागदावरचा तंबाखूचा चुरा फुंकून टाकायचे.

मुरबाडच्या कारखान्यात ते जुने ऑपरेटर. मी परभणीकडचा, आठवीत शाळा सोडलेला. दुरुस्तीला येणारे इंजिनिअर तमिळ, म्हणून मशीनवरच्या सूचना इंग्रजीत लागत. काकांची नजर अधू, माझं अक्षर बरं. ते काम माझ्यावर आलं आणि मला धडकीच भरली.

“आधी चहा कसा करायचा ते लिव,” काका म्हणाले. मी लिहिलं, ‘पुट टी पावडर.’ त्यांनी कोरड्या पातेल्यात पावडर टाकून गॅस पेटवला. धूर झाला.

“काका, पाणी!”

“कुठं लिवलंस? मला काय ठावं!”

आणखी एक सांगत. “मराठीत कामाचा शब्द शेवटाला येतो, नवरदेवागत उशिरा. विंग्रजीत तो पयला.”

एकदा त्यांची बस सुटत होती. मी लिहिलेला कागद तपासून सही करायला पुढे केला. “तू लिवलंस म्हंजे बराबर,” म्हणत त्यांनी न वाचताच सही केली.

माझ्या मनात होतं, ‘कव्हर उघडायच्या आधी मेन बंद.’ मी शब्दाला शब्द ठेवला: ‘कव्हर ओपन बिफोर मेन ऑफ.’ इंग्रजीत अर्थ उलटा झाला, विजेचा मेन स्विच बंद करण्याआधी कव्हर उघडा. नव्या इंजिनिअरनं तसंच केलं. त्याचा हात कोपरापर्यंत भाजला.

“कोणी लिहिलं?” साहेबांनी विचारलं. मी काकांकडे पाहिलं.

“सही माझी हाय ना? मंग लिवलं पण मीच,” काका म्हणाले.

त्याच दिवशी त्यांना काढलं. गेटपाशी मी रडायला लागलो.

“गप रे. तुझं गाव लांब. माझं काय, बसनं अर्धा तास.” मग त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्या तळहातावर लिहिलं: एक, मेन बंद. दोन, कव्हर उघड. “बिफोर पायजेच कशाला?”

आता मी माझ्या गावाहूनही लांब, कोइमतूरकडे, अशाच सूचना लिहितो. बिफोर हा शब्द वापरत नाही. काकांना आता काहीच दिसत नाही, असं ऐकतो.

एक दिवस टोकावड्याला जाईन. त्यांच्या घरच्यांना ओसरीवर बोलावीन आणि काकांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचीन, एका ओळीत एकच. पहिली ओळ: तो कागद मी लिहिला होता.