डावीकडची पानं

राक्षस किती प्रकारचे असतात, त्यांतला कुठला आगीला भितो आणि कुठला नुसत्या गोड बोलण्याने विरघळतो, हे छातीठोकपणे सांगणारा अख्ख्या बंगळुरात एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा चुलत दीर आहे. भाऊजी आठवडाभर विम्याच्या कचेरीत बसून मेलेल्या माणसांचे कागद हलवतात आणि रविवारी दुपारी चामराजपेटेतल्या आमच्या पुढच्या खोलीत जिवंत माणसांना भुयारात ढकलतात. इतर दिवशी त्या खोलीत मी टायपिंगचा क्लास घेते. खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. चार-पाच जण गोल बसतात, कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार, आणि समोर काय आहे ते भाऊजी सांगतात: गुहा आहे, दार आहे, दारामागे कोणीतरी घोरतंय. मग ज्याने त्याने आपण काय करतो ते बोलायचं आणि फासा टाकायचा. लग्न होऊन मी सोलापूरहून इथे आले, तेव्हा पहिल्या रविवारी मला वाटलं, घरात वाटणीचं भांडण चाललंय.

या खेळाने भाऊजींच्या अंगाला ज्या सवयी लावल्या त्या आता जायच्या नाहीत. कुठल्याही परक्या घरात गेले की ते आधी भिंत ठोकून बघतात. त्यांच्या एकुलत्या एक बघण्याच्या कार्यक्रमात, मुलगी पोहे घेऊन येत असताना, हे कोपऱ्यात उभे राहून टकटक करत होते. मुलीच्या वडिलांनी कौतुकाने विचारलं की घर बघताय का. भाऊजी म्हणाले, "नाही, चोरवाट." त्यानंतर पुन्हा कार्यक्रम ठरला नाही. वीस बाजूंचा फासा इथे कुठे मिळेना, तेव्हा त्यांनी चन्नपट्टणला लाकडी खेळणी करतात तिथून एक बनवून आणला. त्या लोकांनी खेळणं समजून तो असा काही गुळगुळीत केला की तो थांबायलाच तयार नसे. राक्षसावर वार करायचा तर आधी सगळ्यांनी पालथं पडून कपाटाखाली बघायचं. मी सोसायचं ते सोसलं, पण कपाट हलवायला ठाम नकार दिला.

आता मूळ गोम सांगते. या खेळाचं नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक भाऊजींना त्यांच्या एका मित्राने अमेरिकेला जायच्या आदल्या दिवशी तेवढ्यापुरतं दिलं होतं. भाऊजींनी ते धावत कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे टाकलं. त्याने घाईत फक्त उजवीकडची पानं काढली आणि काम झटकन उरकलं म्हणून वर स्वतःच खूश झाला. लक्षात आलं तोवर पुस्तक विमानात बसलं होतं. दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. भाऊजींनी उजवं पान संपलं की पुढचं उजवं पान जोडून वाचायला सुरुवात केली. एक पान "जखमी योद्ध्याने बरं होण्यासाठी" इथे तुटत होतं आणि पुढचं हातातलं पान "नावेत बसावं, आणि किनारा लागेपर्यंत शस्त्राला हात लावू नये" असं सुरू होत होतं. झालं. तेव्हापासून चामराजपेटेत ज्याला म्हणून तलवार लागली त्याला नावेत घालू लागले. डोंगरावर लढाई झाली तरी भाऊजी जवळपास एक तळं काढत. वाळवंटात तळं कुठून आलं, असं मी एकदा भाजी निवडता निवडता विचारलं. ते माझ्याकडे निर्दयी बाई म्हणून बघत म्हणाले, "वहिनी, माणूस जखमी आहे."

या नियमाने एक बळीही घेतला. पोस्टात काम करणाऱ्या रघूचा खेळातला माणूस म्हणजे तिम्मराज नावाचा बुटका कुऱ्हाडवाला होता. रघूच्या पाच पिढ्या याच पेटेत गेल्या, मिशा झुपकेदार, आवाज खर्जातला. तिम्मराज जखमी होऊन नावेत पडला असताना मगर आली. कुऱ्हाड शेजारीच होती. रघूने नियम मोडला नाही, आणि मगरीने तिम्मराजला सोडलं नाही. रघू त्या दिवशी कॉफी न घेता घरी गेला. पुढच्या रविवारपासून तो तिम्मराजची मुलगी होऊन खेळू लागला. बापामागे नाव चालवणारी, जखमींना पैलतीरी नेणारी. त्या मिशांतून मुलगी बोलायची आणि कोणालाही हसू यायचं नाही.

आणि मग मंदारचा फोन आला. मंदार पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, आमचा वरचा भाडेकरू आणि गटातला सगळ्यांत नवा गडी. कंपनीने त्याला अमेरिकेला पाठवलं होतं. तिथे त्याला कळलं की खेळाची जुनी पुस्तकं, सगळी, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, सीडीवर पुन्हा निघाली आहेत. तो घेऊन येत होता. भाऊजींचा पाय जमिनीवर राहीना. ते रोज संध्याकाळी येऊन माझ्या क्लासच्या कॉम्प्युटरची विचारपूस करू लागले. सीडीचा कप्पा बाहेर येतो ना, आत जातो ना, हे इतक्या वेळा करून बघितलं की मी शेवटी त्यावर कापड टाकलं. कचेरीत म्हणे एका विधवेला त्यांनी सांगितलं, काळजी करू नका, डावीकडची पानं येताहेत. ठरलेल्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून आले, देवाला नारळ फोडायचा का विचारलं, करंट जाऊ नये म्हणून दिव्यांकडे बघून हात जोडले. रघू शेव-चकल्या घेऊन आला. मीसुद्धा ओटा तसाच टाकून बाहेर आले, एवढं वातावरण तापलं होतं.

सीडी फिरली. पडद्यावर पुस्तक आलं, तेही रंगीत. भाऊजी खुर्चीत बसेनात. आपल्या झेरॉक्समधला काळा डाग म्हणजे तीन तोंडांचा हिरवा राक्षस आहे हे कळल्यावर पाच प्रौढ माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मग मंदारने ते नावेचं प्रकरण काढलं. मधलं, डावीकडचं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं. जखमी योद्ध्याने बरं होण्यासाठी आठवडाभर विश्रांती घ्यावी. संपलं. नावेत बसायचं होतं ते भाड्याच्या वल्हेकऱ्यांनी.

भाऊजी हळूच खाली बसले.

"रघू," ते म्हणाले, "मी तुझा माणूस उगाच मारला रे."

मंदारला यात अवघड काहीच दिसत नव्हतं. "सोपंय अण्णा. रूल इज रूल. तिम्मराज मेलाच नाही. आजपासून परत घ्या," तो भाऊजींना म्हणाला.

भाऊजींनी मान हलवली. ते तयार होते. खेळात मेलेलं माणूस त्यांनी कधी परत दिलं नव्हतं, पण त्यांनी फासा उचलून रघूपुढे ठेवला, आणि सगळे रघूकडे बघू लागले. रघूने तो हातात घेतला, बराच वेळ फिरवला.

"स्वल्प थांब, मंदार. तो परत आला तर पोरीचं काय करू? तिने वल्हं हातात घेतलं ते बाप गेला म्हणून. इतक्या लोकांना तिने पार केलं, ते सगळं झालंच नाही म्हणू?"

"पण पुस्तकात..."

"पुस्तक बरोबरच असणार. पण तळ्यावर आपण होतो." त्याने फासा भाऊजींना परत दिला. "नाव तशीच राहू द्या, अण्णा. तिम्मराज गेलेलाच राहू दे."

"सरी," भाऊजी म्हणाले, म्हणजे बरं. एवढंच.

"मग मी ही सीडी एवढ्या लांबून कशाला आणली?" मंदार म्हणाला. रघूने त्याच्या हातात चकली दिली आणि हिरवा राक्षस पुन्हा लावायला सांगितला. त्या दिवशी खेळ झाला तो असा की शेजारी दोनदा बघून गेले.

सगळे गेल्यावर मी आवरायला आले तर भाऊजी पडद्यासमोर एकटेच बसले होते. ते पान पुन्हा उघडलं होतं.

"आठवडाभर नुसतं पडून राहायचं होतं, वहिनी," ते म्हणाले. "वाचला असता हो."

जो माणूस कधी नव्हताच त्याच्यासाठी कोणी कसं समाचाराला जातं? मी कॉफी आणून त्यांच्याजवळ ठेवली, दुसरी खुर्ची ओढली, आणि ते उठेपर्यंत शेजारी बसून राहिले.